हजार वर्षांचं राज्य: प्रकटीकरण २० कसं वाचायचं? (आणि आमच्या आजींचा एक प्रश्न)

जेलरोडची_सून
नमस्कार. आमच्याकडे दर गुरुवारी संध्याकाळी बायबल अभ्यास असतो. सात-आठ घरं आहोत, पाळीपाळीने एकेकाकडे बसतो. नाताळनंतर प्रकटीकरण घेतलं, म्हणजे बायबलचं शेवटचं पुस्तक, योहानाने पाहिलेल्या दृष्टान्तांचं. मजल दरमजल करत गेल्या गुरुवारी विसाव्या अध्यायाला पोचलो आणि नेमकी तेव्हा पाळी आमच्या घराची होती.

शिकवणारे दादा तळमळीने शिकवतात. त्यांनी फ्लेक्सचा तक्ता आणला होता, जवळजवळ भिंतीएवढा. उत्पत्तीपासून नव्या यरुशलेमेपर्यंत सगळं एका ओळीत. कमानी, वर जाणारे बाण, खाली येणारे बाण, सात वर्षांचं महासंकट, मग पिवळ्या पट्ट्यात हजार वर्षांचं राज्य, मग थोडा काळ सुटलेला सैतान, मग मोठं पांढरं राजासन. मला तर स्पर्धा परीक्षांचा क्लासच आठवला. बाकीचे माना डोलवत होते. मी चौथ्या बाणाला हरवले आणि चहा टाकायला आत गेले.

आमच्या आजेसासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. वय ८४, जन्म इथल्या नाशिकच्या शरणपूरचा, डोळ्यांना कमी दिसतं पण कान तिखट. शेवटी म्हणाल्या, "चौथ्या वचनात शिरच्छेद झालेले लोक जिवंत झाले आणि त्यांनी राज्य केलं, असं आहे. बाकीचे मेलेले हजार वर्षं पडून राहिले. माझा काही आता शिरच्छेद होत नाही, मी पलंगावरच जाणार. मग मी पहिल्या खेपेला का दुसऱ्या?"

दादा म्हणाले, "पुढच्या गुरुवारी बघू आजी," आणि प्रार्थनेला सुरुवात केली.

तर, ही हजार वर्षं खरीच की चिन्ह म्हणून? तुमच्या मंडळीत (चर्चमध्ये) काय शिकवतात? अभ्यास कुठून सुरू करावा? आणि आजींना काय सांगू? ख्रिस्ती नसलेल्यांनीही जरूर लिहा, फक्त टिंगल नको.

तर्रीबाज
मिसळ घेऊन पहिल्या रांगेत बसलोय. तर्री जास्त.

शरणपूरकर
ताई, आजींना आधी माझा नमस्कार सांगा. मी पण शरणपूरचाच, वयाने त्यांच्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान. आमची मंडळी अँग्लिकन परंपरेतली, १९७० नंतर चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. लहानपणापासून उपासनेला जातोय, पण विसाव्या अध्यायावर एकही उपदेश ऐकल्याचं आठवत नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या रविवारी प्रभू परत येणार हे ऐकायचो. मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, "जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास" म्हणायचो, "ज्याच्या राज्याचा अंत होणार नाही" म्हणायचो. ज्या राज्याला अंत नाही त्यात हजार वर्षांचा वेगळा डबा कुठे जोडायचा, हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

पुढे थोडं वाचल्यावर कळलं की हे नुसतं दुर्लक्ष नव्हतं, त्यामागे एक जुनं मत आहे. ऑगस्टीन या उत्तर आफ्रिकेतल्या बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ते सविस्तर मांडलं. त्याच्या मते ही हजार वर्षं म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या येण्यापासून दुसऱ्या येण्यापर्यंतचा सगळा काळ, म्हणजे आपण आत्ता त्यातच आहोत. सैतान बांधलेला आहे याचा अर्थ तो मेला असा नाही, राष्ट्रांना भुलवायची त्याची ताकद आवळली गेली आहे. येशूच म्हणतो ना, बलवानाला आधी बांधल्याशिवाय त्याचं घर लुटता येत नाही (मत्तय १२:२९). प्रकटीकरणात आकडे बोलतात: सात, बारा, एक लाख चव्वेचाळीस हजार. मग एकटं "हजार" तेवढं कॅलेंडरवर का मोजायचं?

मेघारूढ
काकांचा आदर ठेवून असहमती. (नावावरून कळलंच असेल, ढगांत उचललं जाण्याची वाट बघणाऱ्या तक्तावाल्यांपैकी मी आहे.)

एक, "हजार वर्षे" हे शब्द त्या एका अध्यायात सहा वेळा येतात. नुसतं चिन्ह असतं तर इतकं घासून कशाला सांगितलं असतं? दोन, मजकुराचा क्रम बघा. एकोणिसाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, श्वापदाचा (देवाविरुद्ध उठलेल्या सत्तेचा) नाश होतो, मग विसाव्यात सैतान अगाधकूपात, म्हणजे तळ नसलेल्या विवरात. म्हणजे आधी येणं, मग राज्य. तीन, सुरुवातीच्या मंडळीत असंच मानणारे बरेच होते. पपियास, जस्टिन मार्टर, इरेनियस हे सगळे दुसऱ्या शतकातले, म्हणजे ऑगस्टीनच्या कितीतरी आधीचे. खुद्द ऑगस्टीन कबूल करतो की एके काळी त्याचंही हेच मत होतं.

आणि काका, सैतान आत्ता बांधलेला असेल तर साखळी फारच लांब आहे. रोजचा पेपर उघडून बघा.

तर्रीबाज
"साखळी फारच लांब आहे" __/\__

नाशिकरोड_फातिमा
आमच्या कॅथलिक मंडळीत ह्यावर वाद घालायला जागाच ठेवलेली नाही. पृथ्वीवर ख्रिस्ताचं हजार वर्षांचं दृश्य राज्य ही शिकवण चर्चने नाकारली आहे. १९४४ मध्ये रोमहून स्पष्ट उत्तर आलं की तिचं सौम्य रूपही निर्धोकपणे शिकवता येत नाही, आणि धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद ६७६ मध्ये तेच आहे. आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गात चार अंतिम गोष्टी पाठ करायला लावायच्या: मरण, न्याय, स्वर्ग, नरक. तक्ता नाही, बाण नाहीत.

पण एक सांगते, फेब्रुवारीत बाळ येशूच्या यात्रेला रांगेत उभं असताना पुढच्या-मागच्या बायकांशी बोललं की सगळ्यांना "शेवटच्या काळाची चिन्हं" तोंडपाठ असतात. मोबाइलवर कोण काय बघतं त्याला परिच्छेद ६७६ काय करणार!

संशयात्मा
टिंगल करत नाही, फक्त इतिहास सांगतो. बाराव्या शतकातला इटालियन मठवासी फिओरेचा योआकिम, त्याच्या अनुयायांनी नव्या युगासाठी १२६० साल धरलं होतं. १५३४ मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काहींनी नवं यरुशलेम इथेच म्हणून ताबा घेतला, पुढच्या वर्षी वेढा आणि कत्तल. अमेरिकेत विल्यम मिलर नावाचा शेतकरी बायबलमधल्या दानीएलाच्या २३०० दिवसांचा हिशेब करत बसला आणि शेवटी प्रभू येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. हजारो लोक रात्रभर जागले, सकाळी नेहमीसारखा सूर्य उगवला. काहींनी शेतातले बटाटे काढलेच नव्हते, कशाला काढायचे म्हणून.

घरचंही उदाहरण आहे. १९९९ च्या डिसेंबरात माझ्या एका नातेवाइकाने वायटूकेच्या (२००० साल लागताच संगणक बंद पडतील या) भीतीने दोन पोती तांदूळ, मेणबत्त्या आणि रॉकेल भरून ठेवलं. मार्चपर्यंत तांदळाला पोरकिडे झाले आणि आम्ही सगळे नातेवाईक तो निवडत बसलो होतो.

मेघारूढ
तारखा ठरवणाऱ्यांचा बचाव मीही करणार नाही. मत्तय २४:३६ सरळ आहे, तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही. तारीख सांगणारा बायबलच्या विरोधात जातो, म्हणून येणंच खोटं ठरत नाही.

बटाट्यांचं पुढचं तुम्ही सांगितलं नाहीत. त्या लोकांच्या इतिहासात अशी गोष्ट सांगतात की त्या साली बटाट्यावर रोग पडला होता. लवकर काढलेले सडले आणि ह्या माणसाचे उशिरा काढल्यामुळे वाचले. वसंतात चांगला भाव मिळाला म्हणे.

मांडवाखाली
बटाटा होता म्हणून निभावलं. आमच्याकडचा कांदा असता तर वाट बघणाऱ्यालाही रडवलं असतं.

मी निफाड तालुक्यातला, द्राक्षाचा माणूस, ख्रिस्ती नाही. धागा सहज उघडला आणि वाचत बसलो. तो पपियास कोण? नाव गमतीदार आहे.

शरणपूरकर
दादा, तुम्ही बरोबर माणसाबद्दल विचारलंत. पपियास म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या हिरापोलीसचा बिशप. त्याने येशूच्या तोंडचं म्हणून एक वर्णन सांगितलं, ते इरेनियसने जपून ठेवलं. येणाऱ्या राज्यात द्राक्षाच्या वेली उगवतील. एका वेलीला दहा हजार फांद्या, प्रत्येक फांदीला दहा हजार उपफांद्या, त्या प्रत्येकीला दहा हजार कोंब, प्रत्येक कोंबाला दहा हजार घड, प्रत्येक घडात दहा हजार मणी आणि प्रत्येक मण्यातून पंचवीस मापं द्राक्षारस. एक माप आजच्या हिशेबाने चाळीस लिटरच्या आसपास. कुणी एक घड तोडायला गेला की शेजारचा घड ओरडेल, "मी जास्त चांगला आहे, मला घे!"

पुढे चौथ्या शतकात युसेबियसने हे वाचलं आणि लिहून ठेवलं की पपियासची बुद्धी बेताचीच होती.

मांडवाखाली
एका मण्यातून हजार लिटर! युसेबियससाहेबांच्या बाजूने मी आहे.

आमच्या घडात शंभर-सव्वाशे मणी ठेवतो, बाकीची विरळणी. बाया दिवसभर कात्री घेऊन मांडवाखाली मान वर करून उभ्या असतात. घडात दहा हजार मणी सोडले तर एकाही मण्याला फुगवण येणार नाही, गोडी नाही, एक्स्पोर्टवाला बागेत पाऊल टाकणार नाही. आणि एवढं वजन कोणता मांडव धरणार? ऑक्टोबर छाटणीनंतर अवकाळी आला तर डाऊनी (बुरशीचा रोग) कोणत्या फवाऱ्याने आवरणार?

पण "मला घे" म्हणणारा घड आवडला. आमच्याकडे घड गप्प असतो, व्यापारी बोलतो. माल उचलून नेतो, चेक देतो, चेक वटत नाही. दोन वर्षांपूर्वीचे माझे पैसे अजून अडकलेत. तुमच्या त्या राज्यात ह्यावर काही आहे का?

मेघारूढ
आहे दादा, अगदी तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं. यशया ६५:२१-२२. ते द्राक्षमळे लावतील आणि त्यांचं फळ स्वतः खातील. एकाने लावावं आणि दुसऱ्याने खावं असं तेव्हा होणार नाही. आम्ही हे हजार वर्षांच्या राज्याचं वर्णन मानतो. एक कारण त्याच्याच आधीच्या वचनात आहे: तिथे शंभर वर्षांचा होऊन मरणारा तरुण समजला जाईल, म्हणजे मरण अजून आहे. नव्या पृथ्वीवर तर मरणच नाही (प्रकटीकरण २१:४). म्हणजे मधला एक काळ हवा.

मांडवाखाली
एकाने लावावं, दुसऱ्याने खावं असं होणार नाही.

हे कोणी लिहिलं त्याची बाग होती बहुतेक.

गोदाकाठचा_बाळ
आपल्याकडे कल्कीही पांढऱ्या घोड्यावरूनच येणार ना? मग वाद कसला, सगळं एकच आहे.

संशयात्मा
"सगळं एकच" म्हणणाऱ्यांना दंड लावावा. कलियुग ४,३२,००० वर्षांचं, त्यातली पाच हजारांच्या आसपास गेली. कल्कीनंतर पुन्हा कृतयुग, म्हणजे चाक फिरतच राहतं. ह्यांच्याकडे रेघ सरळ आहे: सुरुवात, मधला भाग, शेवट, आणि एकदाच. घोड्याचा रंग जुळला म्हणून रस्ता एक होत नाही.

गोदाकाठचा_बाळ
बरं बाबा. पंचवटीत ये, दंड चहात घे.

तर्रीबाज
अवांतर: रविवारच्या उपासनेनंतर मिसळ नक्की कुठे खाता हो तुम्ही लोक? हा प्रश्न अंतकाळाइतकाच मतभेदांचा असणार.

नाशिकरोड_फातिमा
इथे मिसळीवरून सुरू झालं तर महासंकट सात वर्षं नाही, सत्तर वर्षं चालेल. विषयावर या.

वाचनखूण
जेलरोडताई, अभ्यास कुठून सुरू करावा ह्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. मी सेमिनरीत शिकलेली नाही, पण बायकांच्या सभेत प्रकटीकरण दोनदा शिकवलं आहे.

तक्ता बाजूला ठेवा. तो चुकीचा आहे म्हणून नाही. तो कुणीतरी अभ्यास करून काढलेलं उत्तर आहे, आणि तुम्हाला अजून गणित वाचायचं आहे. अशा तक्त्यांमागचं मत मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या जॉन नेल्सन डार्बीकडून आलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलच्या तळटिपांमधून जगभर पसरलं. महासंकटाआधी मंडळी गुपचूप उचलली जाणं हे त्यातलंच. मेघारूढदादा म्हणतात ते पपियास-इरेनियसचं मत आणि हे, दोन्हींत प्रभू हजार वर्षांच्या आधी येतो हे खरं, पण दोन्ही एक नव्हेत. इरेनियसच्या मते मंडळी ख्रिस्तविरोधकाच्या संकटातून जाणार होती.

मग एका बैठकीत १९ ते २२ मोठ्याने वाचा. "मग मी पाहिले" आलं की पेन्सिलीने खूण करा. आता खरा प्रश्न: प्रत्येक "मग" हा घडण्याचा क्रम आहे की योहानाने पाहण्याचा? सगळे पंथ इथेच फुटतात. त्यानंतर दानीएल ७ वाचा, मग यहेज्केल ३७ ते ४८. तिथे आधी सुकलेली हाडं उठतात, मग दाविदाच्या वंशाचा राजा, मग देवाच्या लोकांवर चालून येणाऱ्या गोग या शत्रूची लढाई, मग नवं मंदिर आणि नगर. योहानाने जवळजवळ तीच चौकट घेतली आहे. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अर्धा तास तशीच बसून होते.

आणि "जिवंत झाले" ह्या शब्दापाशी थांबा. चौथ्या वचनात एक गट जिवंत होतो, पाचव्यात बाकीचे हजार वर्षांनंतर. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद. शरीराचं उठणं मानणारे म्हणतात, एकाच दमात एका शब्दाचे दोन अर्थ कसे घेता? शरणपूरकर काकांच्या बाजूचे म्हणतात, योहानाच्याच शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात येशू आधी आत्ताच जिवंत होणाऱ्यांबद्दल बोलतो (वचन २५) आणि लगेच कबरेतून उठणाऱ्यांबद्दल (२८-२९). मी दोन्ही बाजूंनी शिकवलं आहे. सध्या काकांच्या बाजूला थोडी कललेली आहे, उद्याचं माहीत नाही.

शरणपूरकर
वाचनखूण ताई, धन्यवाद. यहेज्केलाचं मला माहीत नव्हतं.

आता थोडं माझ्या मतावरच. मेघारूढने ती लांब साखळी काढली तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आमचं शरणपूर १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलं, नावच आश्रयाचं. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईहून इथे आणली जायची. सुतारकाम, लोहारकाम, वाचन शिकायची. त्यांना पुढे जगभर "नासिक बॉइज" म्हणत. त्यातले काही लिव्हिंगस्टन या मिशनरी शोधकाबरोबर आफ्रिकेत गेले, आणि जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत हजर होता.

मी लहानपणी हे सगळं अभिमानाची गोष्ट म्हणूनच ऐकलं. आता अठरावा अध्याय वाचतो तेव्हा नाश होणाऱ्या बाबेल नगरीच्या मालाच्या यादीत सोनं, दालचिनी, गव्हाचं पीठ, घोडे आणि अगदी शेवटी माणसं दिसतात. बाजारात विकलेल्या, पायात बेड्या पडलेल्या पोराने इथे नाशिकमध्ये बसून विसावा अध्याय वाचला असेल, की एक देवदूत मोठा साखळदंड हातात घेऊन उतरतो आणि ह्या वेळी साखळदंड दुसऱ्याच कुणाला पडतो. त्याला ते चिन्ह वाटलं असेल की अक्षरशः? मला नाही वाटत त्याने हा प्रश्न विचारला असेल. ऑगस्टीन सोडलेला नाही, पण माझा आवाज जरा खाली आला आहे.

मेघारूढ
काका, हे मी आमच्या सभेत सांगितलं तर चालेल ना?

शरणपूरकर
चालेल. तक्त्यावर लिहू नकोस म्हणजे झालं :)

गोदाकाठचा_बाळ
सध्याच्या युद्धांबद्दल काय म्हणणं आहे? मोबाइलवर रोज गोग-मागोग येतंय.

वाचनखूण
चौथ्या शतकात मिलानच्या बिशप अँब्रोझला गोग म्हणजे गॉथ टोळ्या वाटल्या. ल्यूथरला तुर्क वाटले. शीतयुद्धात रशिया. प्रत्येकाला आपापल्या दाराशी उभा असलेलाच दिसला. शिवाय प्रकटीकरणात गोग-मागोग हजार वर्षांनंतर येतात. यहेज्केलातला गोग वेगळा, असं तक्तावाले म्हणतात, तो त्यांचा मुद्दा आहेच. तरी फॉरवर्ड करण्याआधी आठवं वचन एकदा वाचावं.

नाशिकरोड_फातिमा
आजींचा प्रश्न राहिलाच की.

मेघारूढ
माझं उत्तर: आजी पहिल्या खेपेलाच. चौथ्या वचनात आधी राजासनांवर बसलेले आहेत, मग शिरच्छेद झालेले, आणि श्वापदाला नमन न केलेले. हुतात्मे ठळक दिसतात, पण यादी तेवढ्यावर संपत नाही. आणि १ थेस्सलनीकाकरांस ४:१६ म्हणतं ख्रिस्तामध्ये मेलेले आधी उठतील. त्यात पलंगावर की तलवारीने, अशी अट नाही.

शरणपूरकर
माझ्या वाचनाने आजी त्या राज्यात आत्ताच आहेत आणि पलंगावरून गेल्या तरी त्यातून बाहेर पडत नाहीत. वाट वेगळी, पण आजींच्या बाबतीत मेघारूढ आणि मी एकाच ठिकाणी आलो. हे लिहून ठेवा, परत होणार नाही.

संशयात्मा
माझ्याकडे उत्तर नाही. पण ८४ व्या वर्षी एवढं बारीक वाचणाऱ्या बाईला दुसऱ्या खेपेला ठेवायची कुणाची हिंमत आहे?

जेलरोडची_सून
सगळ्यांचे खूप आभार. काल गुरुवार झाला. अध्याय १९ ते २२ मोठ्याने वाचले, सव्वीस मिनिटं लागली. पेन्सिलीच्या खुणा केल्या. दादांनीही केल्या आणि प्रामाणिकपणे म्हणाले, क्रमाचा प्रश्न त्यांनी असा कधी विचारात घेतला नव्हता. तक्ता मात्र त्यांना अजून बरोबर वाटतो.

तुमची उत्तरं मी आजींना वाचून दाखवली. साखळदंडाचं ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, त्यांची आजी त्या आफ्रिकन मुलांच्या गोष्टी ऐकलेल्या सांगायची. खेपेच्या उत्तरावर काहीच बोलल्या नाहीत. पपियासच्या घडावर मात्र हसता हसता ठसका लागला. निफाडच्या दादांना विचारायला सांगितलंय, त्यांचे अडकलेले पैसे मिळाले का.

मांडवाखाली
आजींना सांगा, अजून नाही. पत्ता निरोपातून कळवा, बेदाणे पाठवतो. घरचे आहेत, सावलीत वाळवलेले.

तर्रीबाज
आणि पुढच्या गुरुवारी काय?

जेलरोडची_सून
अध्याय २१ नीट, सावकाश. पाळी नेमकी पुन्हा आमच्याकडे, कारण शेजारच्या ताई गावाला गेल्यात. आजींनी दादांना निरोप दिलाय: या, पण तक्ता नको. मागच्या वेळी चिकटपट्टी काढताना नाताळात दिलेला रंग निघाला.